शंभर दाण्यांची फळी : प्राथमिक शाळेत हाताने शिकण्याचे काम

पेरणीच्या दिवशी पाभर नीट चालत नसली म्हणजे शेतकरी ती तशीच ओढीत नाही. तो बैल थांबवितो, फण किती खोल जातो ते पाहतो, पाचर ठोकतो किंवा दोर आवळतो, चार पावले चालवून माती उकरून बी कोठे पडले ते पुन्हा पाहतो. अजूनही बी खोल जात असेल तर पुन्हा थांबतो. पाभरीच्या जागी ट्रॅक्टरचे पेरणीयंत्र आले तरी हा क्रम बदललेला नाही. अडचण कोणाची व कोठे आहे ते नीट ओळखणे, तिच्यावर उपाय योजणे, तो लहान प्रमाणावर करून पाहणे आणि चूक आढळल्यास त्यात फेरफार करणे, ही सर्व अंगे या साध्या क्रियेत आलेली आहेत. अलीकडे शिक्षणसंस्थांतून ज्या विचारपद्धतीस ‘डिझाइन थिंकिंग’ म्हणतात आणि जिला येथे ‘रचनाविचार’ म्हटले आहे, तिचे सारही एवढेच होय.

याच शेतकऱ्याचा मुलगा किंवा मुलगी शाळेत बसून ‘बीज व त्याचे अंकुरण’ हा पाठ वाचते, अंकुराची आकृती वहीत रंगविते व तिच्या भागांची नावे पाठ करते. घरी मात्र कोठीतील बियाणे उगवेल की नाही, या चिंतेत वडील असतात. एकाच बीजाविषयी चाललेल्या या दोन गोष्टींची गाठ पडत नाही. ती गाठ प्राथमिक शाळेतच घालून देता येते, त्यासाठी फार खर्च लागत नाही, आणि त्या कामी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा व शेतकऱ्याचा हातभार शिक्षकाला फार मोलाचा ठरतो.

तांब्याचा विचार

सन १९५८ मध्ये चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर प्रवास करून एक अहवाल सादर केला. या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय डिझाइन संस्था सुरू झाली. या देशात त्यांनी पाहिलेल्या अनेक वस्तूंपैकी त्यांना सर्वांत अधिक भावला तो आपल्या घराघरांतील साधा लोटा. असा लोटा नव्याने घडवावयाचा झाल्यास कशाकशाचा विचार करावा लागेल, याची मोठी यादी त्यांनी अहवालात दिली आहे. त्यात किती पाणी मावावे, हाताचा पंजा केवढा, तो डोक्यावर न्यावयाचा की कमरेवर, भरलेला व रिकामा असताना तोल कसा राहील, पाणी ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल काय, धातू कोणता, किंमत किती, अशा गोष्टी येतात. हा लोटा कोणा एका माणसाने योजला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनी व घडविणाऱ्यांनी त्यात थोडा थोडा बदल केला, असे त्यांचे म्हणणे होते.

तिसरी-चौथीच्या वर्गात हा पाठ एका तासात करता येतो. एक तांब्या, एक प्लॅस्टिकचा मग व एक बाटली मुलांपुढे ठेवावी. प्रत्येकाने पाणी भरून, उचलून, ओतून पाहावे आणि कशात काय सोयीचे आहे ते सांगावे. मगाला कान का आहे, तांब्याचा गळा अरुंद का, बाटली आतून का घासता येत नाही, या प्रश्नांची उत्तरे पुस्तकात नसतात. ती हाताला कळतात. वस्तूचा आकार कोणीतरी कोणाच्या तरी सोयीसाठी ठरविलेला असतो आणि तो बदलताही येतो, एवढे मुलाच्या ध्यानात आले की पुढील कामाचा पाया घातला गेला असे समजावे.

शंभर दाणे मोजावयाचे आहेत

आता प्रत्यक्ष करावयाच्या कामाचा एक नमुना पाहू. इयत्ता चौथी किंवा पाचवीच्या वर्गापुढे शिक्षकाने गरज अशी मांडावी : गावातील एका शेतकऱ्याने घरचे सोयाबीन बियाण्यासाठी राखून ठेवले आहे, त्यातील किती दाणे उगवतील हे पेरणीपूर्वी कळावयास हवे. शक्य तर त्या शेतकऱ्यानेच वर्गात येऊन हे सांगावे. बियाणे उगवले नाही तर दुबार पेरणीचा खर्च किती येतो आणि हंगाम कसा मागे पडतो, हे त्याच्या तोंडून ऐकले म्हणजे मुलांना काम खोटे वाटत नाही.

उगवणशक्ती पाहण्याची घरगुती रीत बहुतेक कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. धुतलेले गोणपाट ओले करून त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडावयाच्या, वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावयाची, ती सावलीत ठेवून ओलावा टिकवावयाचा आणि सुमारे आठवड्याने चांगले कोंब आलेले दाणे मोजावयाचे. यात अवघड काहीच नाही असे वाटते. परंतु मुलांना शंभर दाणे मोजून घ्यावयास सांगितले की अडचणी दिसू लागतात. सोयाबीनचा दाणा गोल असल्याने घरंगळतो. एकाचे ९७ भरतात, दुसऱ्याचे १०२. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, हाताने वेचताना मुले नकळत टपोरे व चकचकीत दाणेच उचलतात. अशा निवडक दाण्यांची उगवण चांगली आली तरी पोत्यातील बियाण्याचा खरा अंदाज तीवरून मिळत नाही. पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागातून बियाणे काढून एकत्र मिसळावे आणि त्यातून जे हाती येतील तेच दाणे घ्यावेत, हा नियम मुलांना येथे समजावून द्यावा.

मग शिक्षकाने विचारावे : शंभर दाणे न चुकता, न निवडता व लवकर मोजता येतील अशी एखादी वस्तू आपण करू शकू काय? त्यानंतर त्याने काही वेळ गप्प राहावे. हे गप्प राहणे शिक्षकाला सर्वांत अवघड जाते, कारण उत्तर त्याला ठाऊक असते.

मुले बहुधा प्रथम पुठ्ठ्यावर दहा गुणिले दहा चौकोन आखतील. दाणे चौकोनात ठरणार नाहीत. कोणीतरी मातीची फळी थापून तिच्यावर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने खळगे पाडील. माती वाळताना आकसते. काल ज्या खळग्यात दाणा नेमका बसत होता त्यात आज तो बसत नाही. ही फळी टाकून देऊ नये. ओली असताना व वाळल्यावर तिची लांबी किती होती ते मोजून वहीत लिहावे. विटा पाडणाऱ्याचा साचा विटेहून मोठा का असतो, हे त्या मुलांना पुन्हा शिकवावे लागणार नाही.

पुढचा प्रयत्न जाड पुठ्ठ्याचा करावा. टाकाऊ पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लहान, मध्यम व मोठी अशी तीन मापांची भोके पाडून पाहावीत. मोठ्या भोकात दोन दाणे शिरतात, लहान भोकात दाणा काठावरच अडतो. मधले माप कोणते ते असे करूनच ठरते. त्या मापाची शंभर भोके पाडलेला पुठ्ठा दुसऱ्या अखंड पुठ्ठ्यावर खळीने चिकटविला की फळी झाली. मूठभर दाणे ओतून ती हलविली म्हणजे प्रत्येक भोकात एक दाणा बसतो, पण उरलेले दाणे चहूकडे सांडतात. तेव्हा तीन बाजूंस काठ लावावा व एक कोपरा मोकळा ठेवावा, म्हणजे फळी तिरपी करताच जादा दाणे डब्यात परत येतात. बीजपरीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळांतूनही अशाच तत्त्वावरील मोजणीच्या फळ्या वापरतात. मात्र हे मुलांना अखेरीस सांगावे. आधी सांगितले तर ती नक्कल होते.

या कामात गणित आपोआप येते. शंभरातील ६० दाणे उगवले म्हणजे शेकडा ६०, हे समजावण्यास वेगळा पाठ नको. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के असावी लागते आणि तेवढी असता एकरी ३० किलो बियाणे वापरण्याची शिफारस आहे. उगवण ६० टक्केच निघाली तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागावे. ३५ किलो बियाणे लागेल. पाचवीच्या मुलाने हे उत्तर काढले व ते घरी जाऊन सांगितले तर त्याच्या गणिताला घरात प्रथमच काही किंमत आली, असे म्हणावयास हरकत नाही. एकाच गुंडाळीवर विसंबू नये. तीन गुंडाळ्या करून सरासरी काढावी. उगवण याहूनही फारच कमी आढळल्यास ते बियाणे पेरणीस वापरू नये, आणि शंका असेल तेथे नमुना बीजपरीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवावा.

एक दक्षता अत्यंत महत्त्वाची आहे. बुरशीनाशक वा कीटकनाशक लावलेले बियाणे मुलांच्या हाती कधीही देऊ नये. पिशवीतील रंगीत बियाणे बहुधा औषध लावलेले असते. शाळेतील कामासाठी घरचे, काहीही न लावलेले बियाणेच घ्यावे, ही जबाबदारी कार्यकर्त्याने स्वतःकडे घ्यावी.

वर्ध्यापासूनचा अनुभव

हाताच्या कामातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ७ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगास दिलेली होती. सेवाग्राम येथे आर्यनायकम दांपत्याने हे काम निष्ठेने चालविले. सूत कातता कातता कापसाचा इतिहास, भूगोल व हिशेब शिकवावा, असा हा विचार होता.

मग हे शिक्षण देशभर का रुजले नाही? उत्पन्नाच्या बाजूवर भर पडून शिक्षणाची बाजू मागे पडेल, हा धोका झाकिर हुसेन समितीनेच आपल्या अहवालात बोलून दाखविला होता, आणि पुष्कळ ठिकाणी घडलेही तसेच. टकळी सर्वांच्या हाती सारखीच आली. काय करावयाचे व का करावयाचे, हे मुलांनी ठरवावयाचे नव्हते. त्यांनी तारा मोजावयाच्या होत्या. हातांना काम मिळाले, पण निवड करण्याचा व चूक सुधारण्याचा अधिकार मिळाला नाही. पुढे कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात ‘कार्यानुभव’ हा शब्द पुढे आणला, तो वेळापत्रकातही आला. तथापि अनेक शाळांत कार्यानुभवाच्या तासाला मैदान झाडून घेतात. मैदान स्वच्छ असणे इष्टच आहे. पण तो कार्यानुभव नव्हे.

प्रदर्शनासाठी थर्माकोलचे ‘आदर्श गाव’ करून आणण्याची जी प्रथा पडली आहे, तिचेही तसेच. ते बहुधा पालकांनी किंवा बाजारातील दुकानदाराने केलेले असते आणि त्यातील विहिरीला कधी पाणी लागत नाही.

याउलट कोसबाडचे उदाहरण मार्गदर्शक आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि १९५७ पासून ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर चालू झाले. परदेशी पद्धतीची महाग शैक्षणिक साधने खेड्याला परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी शिंपले, बिया, पाने, माती अशा भोवतालच्या वस्तूंतून साधने केली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसताच शाळाच कुरणावर नेली. आधी मुलाची अडचण पाहावयाची व मग शाळेचा आकार ठरवावयाचा, हाच रचनाविचार होय, जरी त्यांनी त्यास हे नाव दिले नाही.

अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या संस्थापिका किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये ‘डिझाइन फॉर चेंज’ हा उपक्रम सुरू केला. त्यात मुलांसाठी चारच पायऱ्या ठेवल्या आहेत : जाणून घ्या, कल्पना करा, करून पाहा, इतरांना सांगा. पुढे तो अनेक देशांत पसरला. खेड्यातील शिक्षकाला एवढ्या चार पायऱ्या लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

शासनाच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळा २०१६ च्या योजनेतून निघाल्या. त्या सहावी ते बारावीसाठी आहेत. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील दहा दप्तरविरहित दिवसही सहावी ते आठवीसाठीच आहेत. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी अशी सामग्री कोणी पाठवील म्हणून वाट पाहण्याचे कारण नाही. त्या वयाला यंत्रांची गरज नसते. अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्यावर भूमितीचे धडे बसविले. गूळ खरवडून काढलेल्या काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडून चौकोन केला तर तो दाबताच तिरका होतो, त्रिकोण मात्र होत नाही. यानंतर मुलांना वाड्याच्या बांबूच्या फाटकाकडे न्यावे. त्यावर तिरकी कांब का ठोकली आहे, हे ती आपण होऊन सांगतील.

पालकांची शंका

“पोराला शाळेत घातले ते पुन्हा मातीत हात घालावयास नव्हे,” असे एखादा शेतकरी म्हणेल. ही तक्रार हसण्यावारी नेऊ नये. ज्याने जन्मभर कष्ट केले त्याला हाताचे काम व हालअपेष्टा एकच वाटल्यास नवल नाही. शिवाय आपल्याकडे हातांची कामे जातीजातींत वाटली गेली होती. लाकूड सुताराचे, बांबू बुरुडाचे, चामडे चांभाराचे. शाळेतील हस्तकाम त्या वाटणीला बळकटी देणारे असेल तर ते न केलेलेच बरे. म्हणून प्रत्येक मुलाने प्रत्येक काम करावे. मुलींनी हातोडी धरावी व मुलांनी दाभण-सुतळी. गावातील सुतार वा बुरूड कारागिरास वर्गात बोलावतील तेव्हा त्यास गुरुजींच्या शेजारी खुर्ची द्यावी.

पालकांना एवढेही स्पष्ट सांगावे की, हे काम मजुरी नव्हे व मुलास एखाद्या धंद्यास जुंपणेही नव्हे. फळी करणारी मुलगी उद्या डॉक्टर झाली तरी पहिला उपाय फसल्यावर दुसरा शोधण्याची सवय तिच्या उपयोगी पडणार आहे, आणि शेतीत राहिली तर नव्या वाणाचे वा नव्या औजाराचे दावे ती डोळे मिटून मानणार नाही.

कार्यकर्त्याने काय करावे

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिच्या बैठकीत हा विषय प्रथम मांडावा. गावाची खरी गरज कोणती, हे शिक्षकाला सांगणे हे कार्यकर्त्याचे पहिले काम. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला गावातील पिके, पाणी व अडचणी ठाऊक असतीलच असे नाही. साहित्याची जुळवाजुळव कठीण नाही : पुठ्ठे किराणा दुकानातून, गोणपाट घरातून, बांबूच्या कांबट्या बुरुडाकडून, प्लॅस्टिकच्या बाटल्या तर नको तितक्या मिळतात. बोथट टोकाच्या कात्र्या, फूटपट्ट्या, दोन लहान हातोड्या व सुतळी एवढे विकत घ्यावे. कोयत्याने करावयाचे काम मोठ्या माणसानेच करावे.

हंगामाशी सांगड घालताना थोडा विचार लागतो. सोयाबीनची परीक्षा पेरणीच्या तोंडावर घेणे उत्तम, कारण साठवणीत व हाताळणीत त्याची उगवण कमी होते. पण मे महिन्यात शाळा बंद असतात. फळी मार्च-एप्रिलमध्ये करून ठेवावी, एक परीक्षा तेव्हाच घ्यावी व जूनमध्ये शाळा उघडताच दुसरी. दोहोंतील फरक हाही एक पाठच आहे. हरभऱ्याच्या बाबतीत ही अडचण येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळा चालू असते व पेरणी जवळ आलेली असते. हरभऱ्याच्या प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ८५ टक्के असावी लागते. त्याचा दाणा गोल नसून टोकदार असल्याने सोयाबीनची फळी त्यास चालेल काय, हा प्रश्न मुलांवरच सोपवावा.

पावसाळ्यासाठी पर्जन्यमापक हे दुसरे चांगले काम आहे. सरळ उभ्या बाजूंची बाटली वरून कापून तिचे तोंड नरसाळ्याप्रमाणे उलटे बसवावे. तळ खोलगट असतो म्हणून त्यात खडे व पाणी घालून शून्याची रेघ आखावी व तेथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवावी. पहिल्या दिवशी मुले हे मापक बहुधा पागोळ्यांखाली ठेवतील व पाऊस भलताच जास्त भरेल. दुसऱ्या दिवशी उघड्यावर ठेवतील, तर वारा ते पाडील. जमिनीलगत ठेवले तर चिखल उडेल. जागा व आधार त्यांनाच शोधू द्यावा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून सोयाबीनची पेरणी करू नये, असा सल्ला कृषि विभाग देतो. तो शाळेच्या फळ्यावरील बेरजेशी ताडून पाहण्यास शेतकरी आपण होऊन येतील. हवामान खात्याची नोंद सकाळी साडेआठ वाजता होते, तीच वेळ शाळेनेही पाळावी. रविवारी नोंद कोणी घ्यावयाची हे मुलांनी ठरवून पाळीची नावे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावीत.